त्र्याऐंशी अंश

उद्यमनगरात सोमवारची सुट्टी.
शटर अर्धं ओढून मी कार्ड उघडून बसलेय.
सात बारके स्क्रू चहाच्या बशीत,
आणि चिपवरची जुनी पेस्ट
डबीतल्या चुन्यासारखी वाळलेली,
नखानं खरवडली की पापुद्रे.

कार्ड जुनंच. शाहूपुरीतल्या एका पोराकडून घेतलेलं.
तो त्यावर रात्रभर गाड्या पळवायचा,
मी त्यात लोखंड ओतते.
म्हणजे ओतण्याआधीचं लोखंड:
साच्यात रस कुठून शिरेल, कुठं अडेल,
कुठला कोपरा घाईनं गोठेल,
कुठं पोटात पोकळी राहील
आणि वरून काहीच दिसणार नाही.
एका पंपाच्या बॉडीला नऊ तास.
नऊ तास पडद्यावर बीड निवत जातं,
पांढरं, पिवळं, लाल, मग निळं,
आणि तेवढेच नऊ तास कार्ड तापत जातं.
त्र्याऐंशी अंशांवर ते आपणहून पाय आखडतं,
उन्हात चढावर थांबलेल्या बैलासारखं.
एकानं निवावं म्हणून दुसऱ्यानं तापायचं,
हा हिशेब कुणी लावला?

शेजारच्या शेडमधनं दस्तगीर मिस्त्री आले.
"चौगुल्याच्या पोरी, पंखा बदल म्हटलो न्हवतो?"
"पंख्यानं भागत न्हाई मिस्त्री.
तांब्याचा ठोकळा पायजे, आतनं पाणी फिरणारा."
त्यांनी हात पँटला पुसले,
चिपला न टेकवता व्हर्नियर धरला.
"एवढ्याशा टिकलीला एवढी आग?"

दुपारपर्यंत तांबं मिलिंगवर.
कंगव्याच्या दातांहून बारीक खाचा,
आणि तळ घासून घासून असा
की त्यात मिस्त्रींनी आधी आपली मिशी नीट केली,
मग ठोकळा माझ्या हातात दिला.
रेडिएटर भंगारातल्या जीपचा, पितळी.
ॲल्युमिनियमचा हलका मिळत होता, त्यांनी नको म्हटलं.
"तांब्याशी त्याचं पटत न्हाई.
एका पाण्यात ठेवलं की एकमेकाला खात्यात."
पंप घरच्या कूलरचा.
पाणी बॅटरीत घालायचं, पाच लिटरचा कॅन.

मग पंधरा-पंधराच्या पायरीनं वेग चढवला.
पंधरा. तीस. पंचेचाळीस.
तापमान एक्कावन्नला चिकटून बसलेलं.
साठ. नव्वद.
मिस्त्री स्टुलावर, चहा हातातच विसरलेला.
एकशे वीस. दीडशे.
माझ्या अंगात तोच जुना किडा:
चाललंय की, अजून एक.
एकशे ऐंशीला पडद्यावर, साच्याच्या मधोमध
हिरवे चौकोन उगवले,
लोखंडाला देवी आल्यासारखे.
मी तरी पुढं गेले.
एकशे पंच्याण्णवला काळोख.
अंधाऱ्या पडद्यासमोर
नुसतं पाणी फिरत राहिलं, गुळगुळ, गुळगुळ.

"मोडलं?"
"न्हाई. नको म्हणालं."
"मग ऐक की त्याचं."
असं म्हणून त्यांनी ग्लास दुसऱ्या हातात घेतला.
त्यांच्या उजव्या हाताची करंगळी अर्धीच आहे.
एवढ्या वर्षांत मी विचारलं नव्हतं.
आजही नाही विचारलं.

एकशे पासष्ट चाललं असतं, कदाचित.
"हितंच थांबतो मी," म्हटलं, आणि दीडशेवर थांबले.

नऊचे पावणेसात तास झाले.
उद्या शिरोलीत भट्टी लागेल, त्याआधी
फ्लँजच्या मागची पोकळी मला सापडलेली असेल,
आणि कुणीतरी फोनवर म्हणेल, हे कसं काय कळतं तुम्हाला?

रात्री निघताना मिस्त्रींनी रबरी नळीवर पंजा ठेवला,
ताप आलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा.
"कोमट हाय," म्हणाले.
मी पण हात लावला.
अजून न ओतलेल्या लोखंडाची ऊब.
ते काही बोलले नाहीत,
गार झालेल्या चहाचा ग्लास
तेवढा जीपच्या रेडिएटरवर ठेवला
आणि शटर खाली ओढायला गेले.